‘इंटरडिक्टर’ला मराठीत काय म्हणावे?

फोंड्यात बसून पुतण्यासाठी एक अंतराळकथा मराठीत उतरवतोय. ‘ट्रॅक्टर बीम’चा, म्हणजे दुरूनच जहाज ओढून घेणाऱ्या किरणाचा, ‘ओढकिरण’ केला, तो त्याला चटकन कळला. अडलो ‘इंटरडिक्टर’पाशी. शत्रूची जहाजे अडवणारी नौका. ‘स्टार वॉर्स’मधल्या अशा एका नौकेवर त्यासाठी चार मोठे घुमट असतात. मी लिहिले ‘गुरुत्वपाश नौका’. पोराने विचारले, “काका, दोरी खंय आसा?”

— पोराचे बरोबर आहे. ओढकिरण म्हणजे रापण: काठावरून दोर ओढायचे, मासळी आपल्याकडे येते. इंटरडिक्टर काहीच ओढत नाही. घुमटांतून तो गुरुत्वाचा खड्डा पाडतो, जणू समोर एखादा ग्रहच आहे. ग्रहाजवळून अतिअवकाशात (‘हायपरस्पेस’, प्रकाशाहून वेगाने जायची वाट) झेप घेता येत नाही, हा त्या कथांचा नियम. त्यामुळे जहाजाची झेप तिथेच खुंटते, आणि आधीच झेपेत असेल तर ते बाहेर फेकले जाते. खऱ्या भौतिकीत खड्डा फक्त वेग मागतो, पृथ्वीच्या खड्ड्यातून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर. त्याला ‘गुरुत्वकूप’ म्हणतात, पण ‘गुरुत्वविहीर’ लिहू नका, पोर कळशी शोधेल.

— दादा, हे तर आग्वादच्या बारासारखे झाले (वाळूच्या, दारूच्या नव्हे!). माझे वडील खनिजाच्या बार्जवर होते. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा धरतो. बार्जला कोणी बांधून ठेवत नाही, पण समुद्रात काही काढता येत नाही. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगावला. इंटरडिक्टर म्हणजे शत्रू म्हणेल तिथे धरणारा दांडा. ‘अडसर नौका’ कसे वाटते?

— अडसर दाराचा, तोही आतून घालायचा. ‘इंटरडिक्टर’च्या मूळ लॅटिन शब्दात बोलून केलेली मनाई आहे. रोमन कायद्यात प्रेटर, म्हणजे न्यायाचे काम पाहणारा अधिकारी, तसा हुकूम काढी. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: मज्जाव. म्हणजे मुळात ‘मत जाव’, जाऊ नको. इंटरडिक्टर जहाजाला दुसरे काय सांगतो?

— ‘मज्जाव नौका’ पक्के. पण दांडाही सोडवत नाही. घुमट सुरू होतात तेव्हा कप्तानाच्या तोंडी ‘दांडा लागला!’ ठेवतोय. आधी तिथे ‘गुरुत्वीय अवरोध!’ होते, घाबरलेला माणूस असे ओरडत नाही.