गच्चीवर लोखंडी स्टुडिओ बांधायचाय (पुणे): कॉर्टेन, पत्रा, फॅब्रिकेटर... सल्ला हवा

शहाबादी

मंडळी, सहकारनगरात आमचा जुना बंगला आहे. बाबांनी १९७८ साली बांधलेला, विटांच्या भिंतींवर स्लॅब, कॉलम-बीम काही नाही. गच्चीवर मुलीसाठी १२ बाय १८ फुटांचा स्टुडिओ काढायचा विचार आहे. ती प्रिंटमेकिंग शिकली आहे, रंगवतेही. वीट-सिमेंट नको, लोखंडी सांगाड्यावर करू, इथपर्यंत घरात एकमत झालंय (आमच्याकडे हे क्वचित होतं).

पुढे घोडं अडलंय. आर्किटेक्टने दाखवलेल्या चित्रात खोली बाहेरून पूर्ण कॉर्टेनने मढवलेली आहे, तो गंजाच्या रंगाचा पत्रा. मुलगी फिदा, मी अर्धा फिदा. बाबा म्हणाले, "गंजलेलं घर लोक पाडतात, तू बांधायला निघालायस."

तर पुण्याच्या पावसात कॉर्टेन टिकतं का? मे महिन्यात आत बसवेल का? फॅब्रिकेटर कसा निवडायचा? आणि पुण्यात किंवा जवळपास धातूचं बरं काम बघायला कुठे जावं? फोटो बघून कंटाळा आलाय.

टिळकरोडकर

बाबांशी सहमत. आमच्या सोसायटीचं गेट विनासायास कॉर्टेन झालंय, फुकट घेऊन जा.

बेसप्लेट

रंगरूप नंतर. आधी बंगल्याला हे वजन झेपतंय का ते बघा. स्ट्रक्चरल इंजिनिअर घरी बोलवा, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून हे होत नाही.

अंदाजासाठी हिशेब देतो. तुमची खोली साधारण २० चौरस मीटर. पाच इंची स्लॅब टाकला तर नुसता तोच सहा टनांच्या वर जातो, नऊ इंची भिंती धरल्या तर एकूण वीस टन कधीच ओलांडले. लोखंडी सांगाडा, पत्रा, इन्सुलेशन, आतले बोर्ड असं सगळं मिळून दोनेक टनांत बसवता येतं. म्हणजे लोखंडाचा निर्णय बरोबर आहे. पण ३ मिमी कॉर्टेन चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतं. चारही बाजू मढवल्या तर दारं-खिडक्या वगळूनही टनभर वाढला. नुसत्या शोभेसाठी खोलीचं वजन दीडपट!

दुसरी गोष्ट, हलकं बांधकाम म्हटलं की वारा आलाच. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, ताशी १४० किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास येतो. वळवाच्या पावसात छपराला वर उचलायला बघणारा हा जोर तुमच्या खोलीच्या वजनाच्या जवळपास जातो. त्यामुळे खोली खाली बसवण्याइतकंच तिला धरून ठेवण्याचं डिझाइन लागतं. खांब स्लॅबच्या मध्यावर नकोत, खालच्या भिंतींच्या डोक्यावर घ्या. भिंतीवर आधी आडवी तुळई टाका म्हणजे भार एका विटेवर येणार नाही.

आणि गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर) असणारच. तो फोडून बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट) आत गाडली की पुढच्या जुलैत खालच्या खोलीत बादल्या. खांबाखाली सहा-आठ इंचांचा काँक्रीटचा उंचवटा करून प्लेट त्यावर बसवा, वॉटरप्रूफिंग त्या उंचवट्यावर चढवून घ्या. ग्राउट प्लेटच्या कडेला उतार देऊन मारायला सांगा, नाहीतर पाणी तिथेच बसून राहतं.

गवाक्ष

मी आर्किटेक्ट आहे, कॉर्टेन वापरलंय आणि नाहीही म्हटलंय.

हे पोलाद अमेरिकेत १९३३ साली पेटंट झालं, ते रेल्वेच्या वाघिणींसारख्या कामांत रुळलं. त्यात थोडं तांबं (पाव ते अर्धा टक्का), क्रोमियम, फॉस्फरस असतं. त्यामुळे वरचा गंज दाट, चिवट बसतो आणि आतल्या धातूचं खाणं मंदावतं. इमारतीत ते नावारूपाला आलं एरो सारिनेन या आर्किटेक्टमुळे. अमेरिकेत मोलीनमधलं डिअर या ट्रॅक्टर कंपनीचं मुख्यालय, १९६४. तो स्वतः १९६१ सालीच गेला, त्याला ते पूर्ण झालेलं बघायला मिळालं नाही.

पण ही गंजाची साय नीट धरायला ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं चक्र लागतं. सतत ओल राहिली की साधं लोखंड सडतं तसंच हेही सडतं. अटलांटातलं ओम्नी हे स्टेडियम १९७२ साली कॉर्टेन मिरवत उभं राहिलं. तिथल्या दमट हवेत गंज थांबेचना, भोकं पडली, १९९७ साली पाडलं. पुणं त्या मानाने बरं: आठ महिने कोरडी हवा, समुद्र लांब. हेच दापोलीत बांधत असतात तर सरळ नको म्हटलं असतं. पुण्यातही मरतं ते सांध्यांत. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात, जिथे पालापाचोळा साठतो, जिथे पत्रा थेट फरशीला टेकतो.

शिवाय पहिले काही पावसाळे ते ओघळतं. तुमचं आयडीच शहाबादी आहे म्हणून सांगते, गच्चीत शहाबादी असेल तर तिच्यावर तांबूस डाग पडतील आणि ते सहज जाणार नाहीत. खालच्या भिंतीचा पांढरा रंग तर विसराच.

माझा सल्ला असा की चारही बाजू मढवू नका. रस्त्याकडची एकच बाजू घ्या, पडद्यासारखी, मूळ भिंतीपासून दोन इंच सुटी. मागून वारा खेळेल, दोन्हीकडून वाळेल. खाली गटार, त्यात खडी, पाणी थेट पाइपात. पाऊस अडवायचं काम मागच्या साध्या पत्र्याचं, कॉर्टेनने फक्त दिसायचं. बेसप्लेट यांचा टनही वाचेल.

आणि मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलादात काय काय आहे त्याचा कारखान्याचा दाखला) मागा. साध्या पत्र्यावर मिठाचं पाणी, व्हिनेगर, पेरॉक्साइड मारून गंज आणायचा, वर लॅकर मारायचं आणि 'कॉर्टेन लूक' म्हणून खपवायचं हा धंदा जोरात आहे. आतल्या शोभेच्या भिंतीला ते चालतं, पावसात नाही.

टिळकरोडकर

मग दिल्लीचा लोहस्तंभ कसा टिकलाय? तेव्हा कुठलं सर्टिफिकेट होतं?

गवाक्ष

@टिळकरोडकर, चेष्टेत विचारलंत पण प्रश्न चांगला आहे. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळेच वर संरक्षक थर धरला. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आली. कारागिरांनी ते रसायन मांडून केलं नसणार, त्या काळच्या भट्टीत चुन्याशिवाय लोखंड काढल्याने फॉस्फरस आत राहिला असं धातुशास्त्रज्ञ सांगतात. कॉर्टेन त्याचंच लांबचं भावंड.

अनुस्वार

उन्हाचं मी सांगते, कारण माझं शिवणकामाचं युनिट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. नुसता पत्रा असेल तर मार्च ते जून दुपारी आत कोणी बसू शकत नाही आणि पावसाळ्यात फोनवर बोलता येत नाही. आम्ही नंतर ५० मिमीचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) टाकलं. उष्णतेत जमीन-अस्मानाचा फरक पडला, आवाजात तेवढा नाही. टपटप कमी व्हायला खाली रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) आणि त्याखाली बोर्डाचं सीलिंग करावं लागलं. पहिल्यांदाच करा, नंतर सगळं सामान हलवून करणं म्हणजे शिक्षा. छपराचा रंग पांढरा घ्या. राखाडी दिसायला छान असतो, तेवढंच.

गवाक्ष

अनुस्वारताईंना अनुमोदन. यात एक जुनं उदाहरण बघण्यासारखं आहे. झाँ प्रूवे या फ्रेंच डिझायनरने १९४९ साली आफ्रिकेतल्या नियामे शहरासाठी वाकवलेल्या पोलादी पत्र्याचं आणि ॲल्युमिनियमचं घर केलं, सुटे भाग विमानाने नेऊन तिथे जोडलेलं. दुहेरी छप्पर, मधून वारा, बाहेर ॲल्युमिनियमच्या झडपांची सावली. एसीचा विचारच नाही. तुमच्या आर्किटेक्टला छपरावर दुसरं हलकं छप्पर, मध्ये सहा-आठ इंच मोकळी हवा, एवढं तरी काढायला सांगा. आणि चित्रकाराची खोली आहे, तेव्हा मोठी खिडकी उत्तरेला. पश्चिमेला मोठी काच दिसली तर कागद परत करा.

पुण्यात बघायचं तर हडपसरचं सुझलॉन वन अर्थ, आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर यांच्या कार्यालयाचं काम. ॲल्युमिनियमच्या झडपांनी अख्खी इमारत सावलीत ठेवलीय, बाहेरूनही कळतं. डेक्कनच्या मेट्रो स्टेशनचं पगडीच्या आकाराचं छप्पर आवडो न आवडो (मला नाही आवडत, पगडी ती डोक्यावर बरी), पण खाली उभं राहून पोलादी नळ्या एकमेकींना कशा भेटतात ते बघा. मुंबईला गेलात तर काळा घोड्याजवळचं जुनं वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून बोटीने आणून जोडलेला. दुरवस्था आहे, तरी जा. मुलीला दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयातलं सुबोध गुप्तांचं 'लाइन ऑफ कंट्रोल' हे शिल्प दाखवा. स्टीलच्या भांड्यांचा अणुस्फोटाचा ढग आहे. आपल्या मांडणीवरचा धातू किती ताकदीचा असतो ते कळतं.

ठिणगी

नऱ्ह्यात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. काम मागायला आलो नाही, गच्चीची कामं मी घेतच नाही.

बहुतेक जण किलोवर भाव मागतात आणि सगळ्यात कमी वाल्याला देतात. किलोवर काम दिलं की वेल्डरला वजन वाढवण्यात रस, सांध्यात नाही. ड्रॉइंगवर सेक्शन (पाइप-अँगलचं माप) आणि जाडी लिहून घ्या, रंगाचे हात किती ते लिहून घ्या. आमच्या लाइनीत 'रेड ऑक्साइड मारलंय' म्हणजे पुष्कळदा गंजावरच लाल पाणी फिरवलेलं असतं. आधी घासणं, मग प्रायमर, मग रंग. घासायच्या दिवशी स्वतः येऊन बघा.

जमलं तर सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज करून घ्या, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून. हौद साधारण ४५० अंशांवर असतो. म्हणून बॉक्स पाइपला आधी दोन्ही टोकांना भोकं पाडावी लागतात. बंद पाइपात हवा किंवा पाणी अडकलं तर हौदात स्फोट होतो. तुमच्या फॅब्रिकेटरला विचारा, "भोकं कुठे पाडणार?" गोंधळला तर त्याने हे काम केलेलं नाही. आणि बुडवून आल्यावर साइटवर वेल्डिंग नको, जस्त जळतं. सगळे सांधे नट-बोल्टचे. गच्चीवर ते बरंही पडतं, खाली तयार करून तुकडे वर चढवायचे. जिथे वेल्डिंग टळलंच नाही तिथे घासून झिंक रिच (जस्ताची पूड असलेला) प्रायमर.

रंगीत पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांचे कण पत्र्यावर चिकटतात आणि पहिल्याच पावसात तिळासारखे गंजाचे ठिपके उठतात. कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) कापायचा. ड्रिल करून झालं की लगेच झाडून घ्यायचा.

कॉर्टेनच्या पडद्याला नक्षी हवी असेल तर भोसरीत लेझर कटिंगवाले पुष्कळ आहेत, फाइल दिली की कापून देतात. बोल्ट, वॉशर, बिजागऱ्यांना बोहरी आळी. फॅब्रिकेटर निवडताना नवीन काम बघू नका, नवं सगळंच चकाचक असतं. चार-पाच पावसाळे झालेलं काम दाखव म्हणा आणि खांबाच्या पायाशी वाकून बघा.

शहाबादी

अरे बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. कॉर्टेन एका बाजूलाच घ्यायचं हे मुलीलाही पटलंय. दोन गोष्टी आधी लिहायच्या राहिल्या. एक म्हणजे तिला छपाईचं एचिंग प्रेस (ॲसिडने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून कागदावर ठसे काढायचं यंत्र) घ्यायचंय, जुनं मिळतंय, वजन ४०० किलोच्या आसपास. दुसरं, आमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं की पत्र्याचं असेल तर पालिकेची परवानगी लागत नाही. खरं का?

बेसप्लेट

शेजाऱ्यांचं ऐकू नका. चार भिंती, छप्पर आणि राहता वापर आला की ते बांधकामच, मग पत्र्याचं असो वा काचेचं. आर्किटेक्टकडून रीतसर प्रस्ताव टाका. विकताना नाहीतर नोटीस आल्यावर हाच पत्रा महागात पडतो.

प्रेसमुळे मात्र गणित बदलतं. ४०० किलो चार पायांवर, म्हणजे एकेका पायाखाली शंभर, वर चालवताना हिसके वेगळे. ४५ वर्षांहून जुन्या स्लॅबच्या मधोमध हे ठेवायला मी सही करणार नाही. प्रेस तळमजल्यावर ठेवा. वऱ्हांडा बंदिस्त करता येत असेल तर तिथे, नाहीतर गॅरेजमध्ये. ॲसिडचं कामही खालीच बरं, त्याच्या वाफा तुमचा नवा पत्रा खातील. वर चित्रं, कागद, वाळवणं.

अनुस्वार

आणि जिना किती रुंद आहे तेही मोजा! शिलाई मशीन वर चढवतानाच आमचा घाम निघाला होता.

शहाबादी

जिना दोन फूट नऊ इंच. विषय संपला, प्रेस खाली. 😄

शेवटचं विचारतो. मुलीच्या डोक्यात दाराला तांब्याचा पत्रा आहे, तांबट आळीत ठोकून घेतलेला. चालेल?

गवाक्ष

छान कल्पना. कसब्यातल्या तांबटांचं मठारकाम, म्हणजे हातोडीने एकसारखे ठोके पाडलेलं काम, दारावर फार खुलतं. ठोक्यांनी पत्रा ताठही होतो, सपाट पातळ पत्रा उन्हात लाटा मारतो तसा मारत नाही. पुण्यात ते हिरवं होईल अशी आशा ठेवू नका, आधी तपकिरी, मग काळपट, आणि तिथेच वर्षानुवर्षं राहील. दाराचा माप-आराखडा कागदावर पूर्ण आकारात काढून न्या, त्यांना तेच सोयीचं पडतं.

फक्त तांब्यावरून ओघळलेलं पाणी गॅल्व्हनाइज्ड चौकटीवर किंवा ॲल्युमिनियमवर पडू देऊ नका, ते पाणी जस्ताला आणि ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. दारावर चांगला दीड फुटाचा छज्जा घ्या, खालचा उंबरा दगडाचा करा आणि पत्रा लाकडी फळीवर तांब्याच्याच खिळ्यांनी बसवा.

ठिणगी

छज्जा करताना एक बघा. १८ फुटांच्या बाजूला जानेवारीची पहाट ते मेची दुपार या फरकात लोखंड साडेतीन मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम सात. लांब पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळली की ती फुगणार किंवा स्क्रू सैल होणार. एका टोकाला लांबट भोक ठेवायला सांगा. स्क्रूखाली रबरी वॉशर चांगल्या प्रतीचं घ्या, आणि छपराचा स्क्रू पन्हाळीत नाही, वरच्या उंचवट्यावर मारायचा.