प्रतिसाद: जँगोची कोणती आवृत्ती शिकावी?

'कंपन्यांमध्ये अजून जुनंच जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याची चौकट) चालतं, मग शिकतानाही जुनीच आवृत्ती घ्यावी' हा वरचा मुद्दा मला अर्धाच पटतो. जुने प्रकल्प आहेत हे खरं, पण मॉडेल (डेटाची रचना), व्ह्यू (मागणीला उत्तर देणारा कोड), टेम्प्लेट (पानाचा साचा), मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) हा गाभा फारसा बदललेला नाही. नवीन शिकलेल्याला जुना कोड वाचता येतो. नवशिक्याची दमछाक होते ती वेगळ्याच ठिकाणी: आवृत्ती एक आणि धडे दुसरीचे. २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० मध्ये पाथ() (वेबपत्ता कोडशी जोडण्याची नवी पद्धत) आलं आणि फॉरेन की (एका तक्त्याचा दुसऱ्याशी दुवा) लिहिताना ऑन-डिलीट, म्हणजे मूळ नोंद पुसली तर काय करायचं, ते देणं सक्तीचं झालं. पुढे ४.० मध्ये त्याच कामाचं जुनं यूआरएल() काढूनच टाकलं. त्यामुळे त्याआधीचा धडा जसाच्या तसा टाईप केला की पहिल्याच पानावर इम्पोर्ट एरर (मागवलेला कोड सापडत नाही अशी चूक) येते, आणि बिचाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. हे मी शिकणाऱ्यांच्या बाबतीत वारंवार पाहिलंय आणि दरवेळी वाईट वाटतं.

इथे एक गोष्ट कुणी सांगितली नाही. जँगोमध्ये ज्या आवृत्तीच्या शेवटी .२ असतं (२.२, ३.२, ४.२, ५.२), ती दीर्घ मुदतीची. तिला साधारण तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, बाकीच्यांना जेमतेम सव्वा वर्ष. ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आली, एप्रिल २०२८ पर्यंत चालेल. आज सुरुवात करणाऱ्याने डोळे झाकून तीच घ्यावी, आणि अधिकृत दस्तऐवजाच्या पानावर खाली उजवीकडे आवृत्ती निवडता येते, तिथेही ५.२ च ठेवावी.