शब्दचर्चा: ब्रेक्झिटचं मतदान – सार्वमत, जनमत की कौल?

अनुवादक

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी ब्रेक्झिटच्या वादावर लेख लिहितेय आणि पहिल्याच परिच्छेदात अडले आहे. २३ जून २०१६ला ब्रिटनमध्ये जे मतदान झालं, त्यात ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघातून निघायचं म्हटलं, ४८.१ टक्के लोकांनी राहायचं. या ‘रेफरेंडम’ला सार्वमत म्हणू, जनमत म्हणू की जनमत कौल?

दुसरी अडचण ‘लीव्ह’ची. बाहेर पडणे, फुटून निघणे, फारकत घेणे, काडीमोड घेणे असं सगळं लिहून बघितलं. दर वेळी वाटतं की शब्द बदलला की मी नकळत एका बाजूला जाऊन उभी राहते. तिसरी अडचण म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना ठेवलेली नावं. ती मराठीत कशी आणायची?

शब्दवेल्हाळ

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. रूढ शब्द सार्वमत. काश्मीरच्या संदर्भात तो इतकी वर्षं वापरात आहे की वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पण त्याची एक खोच आहे. ‘सार्व’ म्हणजे सर्वांचं, त्यामुळे सार्वमत आणि एकमत यांची कानाला गल्लत होते. ‘ब्रिटनच्या सार्वमतानुसार’ असं लिहिलंत की सगळा देश एका बाजूला होता असा भास होतो. म्हणून ‘सार्वमत घेतलं’, ‘सार्वमतात अमुक बाजू जिंकली’ असं लिहा. म्हणजे सार्वमत ही प्रक्रिया. निकालाला तो शब्द लावू नका.

‘जनमत’ मात्र टाळाच. जनमत चाचणीतही असतं आणि चहाच्या टपरीवरही असतं. शिवाय कुठल्या जनांचं मत? स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी राहायचं म्हटलं, उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोकांनी. इंग्लंड आणि वेल्सने निघायचं म्हटलं. चार घटकांचं मिळून एकच ‘जन’ धरायचं का, हाच तर तिथे भांडणाचा एक मोठा भाग होता.

पणजीकर

आमच्याकडे ‘जनमत कौल’ हाच शब्द. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा, यावर मतदान झालं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं अशा निशाण्या होत्या. दोन पानं जिंकली, फरक चौतीस हजारांच्या आसपास. त्यासाठी संसदेने १९६६ साली वेगळा कायदा केला होता आणि त्यातही शब्द ‘ओपिनियन पोल’ असाच होता. पण निकाल लागल्यावर तो कोणी नुसतं ‘ओपिनियन’ म्हणून बाजूला ठेवला नाही. म्हणून मला वाटतं, कौल हा शब्द वजनदार आहे आणि ब्रेक्झिटला तोच शोभेल.

जुना वकील

पणजीकर, तुमचा दाखला चांगला आहे, पण ब्रेक्झिटमध्ये नेमकं त्या वजनावरच बोट आहे. २०१५च्या ज्या कायद्याने हे मतदान झालं, त्यात निकाल सरकारवर बंधनकारक राहील असं कलमच नव्हतं. ही नजरचूक म्हणावी तर चार वर्षं आधी, २०११ला, मतदानपद्धती बदलण्यावर रेफरेंडम झालं होतं. त्याच्या कायद्यात ‘होय’ आलं तर बदल अमलात आणणं सरकारला भाग होतं. म्हणजे बंधनकारक कलम कसं लिहायचं हे संसदेला पक्कं माहीत होतं.

पण कायद्यात नव्हतं ते सरकारने घरोघरी पाठवलेल्या पत्रकात होतं: निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. आता एक बाजू कायद्याचं पुस्तक दाखवते आणि दुसरी ते पत्रक. दोघांच्याही हातातला कागद खरा आहे.

पुढे लिस्बन कराराच्या ५०व्या कलमाखालची नोटीस सरकारने परस्पर द्यायची की संसदेला विचारून, हा खटला उभा राहिला. नोव्हेंबर २०१६मध्ये हायकोर्टाने संसदेला विचारा म्हटलं, तर ‘डेली मेल’ने पहिल्या पानावर न्यायाधीशांचे फोटो छापून त्यांना लोकांचे शत्रू ठरवलं. जानेवारी २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध तीन मतांनी तोच निकाल दिला. माझं मत: मतदानाला सार्वमत म्हणा, आणि ते सल्लादायी होतं हे एकदा स्पष्ट लिहा. ‘कौल’ शब्द दुसऱ्याच्या तोंडी येऊ द्या, तुमच्या निवेदनात नको.

सावंतवाडीकर

‘कौल’बद्दल थोडं तपशिलात बोलायला हवं, कारण वर सगळ्यांनी तो अखेरचा शब्द असल्यासारखा धरलाय. आमच्याकडे देवळात कौल लावतात तेव्हा आधी गाऱ्हाणं घालतात. गुरव मोठ्याने, घराचं आणि माणसाचं नाव घेऊन, प्रश्न नीट फोड करून देवापुढे मांडतो. मग पाकळ्या ओल्या करून देवाच्या अंगावर लावायच्या आणि कुठली बाजू आधी सुटते ते बघत बसायचं. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पण मुद्दा पुढे आहे. प्रश्न मोघम असेल तर कौलही मोघमच येतो, आणि मग जाणता गुरव प्रश्नाची आणखी फोड करून परत विचारतो. मुलीचं लग्न करायचं का, एवढ्यावर थांबत नाहीत. याच स्थळी का, याच वर्षी का, असं पायरीपायरीने विचारत जातात.

ब्रिटनमधल्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, संघात राहायचं की संघ सोडायचा. सोडून कुठे जायचं हे विचारलंच नव्हतं. नॉर्वेसारखं सामाईक बाजारपेठेत राहायचं, की नुसत्या सीमाशुल्क संघात, की दोन्हींतून बाहेर? मतदानानंतर पंतप्रधान झालेल्या टेरेसा मे म्हणत राहिल्या, ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’. आणि त्यांनी आणलेला करार संसदेने जानेवारी २०१९मध्ये ४३२ विरुद्ध २०२ असा झोपवला. विरोधात मत देणाऱ्यांत राहायचं म्हणणारेही होते आणि हे पुरेसं निघणं नव्हे म्हणणारेही.

म्हणून कौल शब्द वापरायचा तर जरूर वापरा, पण त्यात ‘एकदाच विचारायचं’ हा अर्थ नाही. १९७५लाही त्यांनी विचारलं होतं आणि ६७ टक्के लोकांनी राहू म्हटलं होतं. आणि मतदानाच्या महिनाभर आधी निघायचं म्हणणाऱ्यांचे एक पुढारी नायजेल फराज स्वतः म्हणाले होते की ५२-४८ असा निकाल राहण्याच्या बाजूने लागला तर विषय संपला असं होणार नाही. निकाल ५२-४८च लागला, बाजू उलटी. त्यानंतर पुन्हा विचारा म्हणणाऱ्यांना लोकशाहीद्रोही ठरवणं मला पटलेलं नाही.

स्विंडनहून

मी इथे इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं सांगते.

‘फुटून निघणे’ नको. त्याला फुटीरतेचा वास आहे, आणि ब्रिटन करारातल्याच कलमाने बाहेर पडलं. ‘काडीमोड’ मथळ्याला ठीक, पण नवराबायकोचं चित्र सत्तावीस-अठ्ठावीस देशांवर ताणून बसवावं लागतं. ‘फारकत’ मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण जुन्या कागदपत्रांत फारखती म्हणजे देणंघेणं फेडून दिलेला मोकळीकीचा लेख. २०१७ ते २०२०मध्ये खरी घासाघीस त्याचीच चालली होती: राहिलेली देणी किती, इथल्या युरोपीय नागरिकांचे हक्क काय. म्हणून मतदानाबद्दल लिहिताना ‘बाहेर पडणे’ आणि वाटाघाटींबद्दल लिहिताना ‘फारकत’ असे दोन शब्द ठेवा.

नावांचं म्हणाल तर लीव्हर (निघायचं म्हणणारे) आणि रिमेनर (राहायचं म्हणणारे) तसेच राहू द्या, ती साधी ओळख आहे. ‘रिमोनर’ (रिमेनर अधिक ‘मोन’ म्हणजे कुरकुरणं) ही शिवी आहे, तिला आपला ‘रडतराऊत’ चपखल बसतो. उलट बाजूने ‘लिटल इंग्लंडर’ म्हणत, त्याला ‘कूपमंडूक’. एका शिवीचं भाषांतर केलंत तर दुसरीचंही करा. नाहीतर एकच बाजू तोंडाळ दिसेल.

आणि एक गोष्ट लेखात घ्याच, कारण ती आपल्या माणसांची आहे. इथे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोंयकार खूप आहेत. ते युरोपीय नागरिक म्हणून आले, म्हणून त्यांना त्या दिवशी मत नव्हतं. भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्याला मात्र राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून मत होतं. माझ्या गल्लीत मडगावचं एक कुटुंब राहतं. घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं या निकालावर टांगलेलं, आणि मतदान केंद्रावर गेले ते माझ्यासारखे लोक, ज्यांच्या व्हिसाला निकालाने काही फरक पडणार नव्हता. पुढे ३० जून २०२१च्या आत ‘सेटल्ड स्टेटस’चा, म्हणजे इथे राहण्याचा हक्क टिकवण्याचा, अर्ज करण्यासाठी त्यांनी जुनी पगारपत्रकं आणि बँकेचे कागद फाइलला लावले, तेव्हा त्या काकू मला म्हणाल्या, आमकां कोणी विचारलेंच ना. ‘सार्वमत’ लिहिताना ‘सार्व’मध्ये कोण नव्हतं, हे एका ओळीत तरी येऊ द्या.

अनुवादक

सगळ्यांचे मनापासून आभार. मतदानाला सार्वमत, कौल फक्त अवतरणात, मतदानापुरतं ‘बाहेर पडणे’ आणि वाटाघाटींना ‘फारकत’ असं ठरवते. स्विंडनच्या काकूंचं वाक्य तुमची परवानगी असेल तर नाव न देता, कोकणीतच ठेवते.

आता शेवटचा अडलेला शब्द: ‘बॅकस्टॉप’. ‘पाठराखण’ लिहिलं होतं, पण ते कोणाची तरी बाजू घेतल्यासारखं वाटतंय.

जुना वकील

पाठराखण नको, अर्थच बदलतो. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सरहद्द खुली झाली होती. व्यापार करार वेळेत झाला नाही तरी त्या सरहद्दीवर नाके बसणार नाहीत, एवढ्याचसाठी ती तरतूद होती. ‘अखेरची हमी’ लिहा, पहिल्यांदा येईल तिथे ‘बॅकस्टॉप’ही लिहा. मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या करारात तपासणी समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामध्ये, सरकली. तिथून पुढे ‘हमी’ शब्द वापरू नका, त्या करारातल्या उत्तर आयर्लंडच्या तरतुदीला ‘प्रोटोकॉल’ असंच लिहा, आणि २०२३नंतरच्या भागात तिच्या सुधारित रूपाला ‘विंडसर आराखडा’.