मदत हवी आहे: उभ्या ट्रॉलीवर मागून आदळलेल्या दुचाकीस्वाराला नुकसानभरपाई मागता येते का?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. लहान भावाच्या अपघाताबाबत सल्ला हवा आहे. कायद्यातले मला वर्तमानपत्रात वाचले तेवढेच कळते, म्हणून जाणकारांनी थोडे सविस्तर लिहावे ही विनंती.

भाऊ ३४ वर्षांचा आहे. आमची चार एकर शेती असून त्यातल्या एका एकरालाच विहिरीचे पाणी पुरते. उरलेले दिवस तो दुसऱ्यांच्या वावरात फवारणी, डवरणी आणि मिळेल ती मजुरी करतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागात कृषिपंपांची वीज रात्रपाळीची होती. ती दहाला येणार होती, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला तो साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलने निघाला. गावापासून दोन किलोमीटरवर, वळण संपते तिथे, कापसाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसह डांबरावरच उभी होती. तिचे चाक पंक्चर झाले होते आणि चालक चाकांना दगड लावून जॅक आणायला गावाकडे गेला होता. त्याच वेळी समोरून एक पिकअप डोळे दिपवणारा लाइट टाकत आला आणि भाऊ ट्रॉलीवर मागून आदळला. उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. आत रॉड टाकला आहे, तरी पाय पाऊण इंच आखूड राहिला आहे. त्याला उकिडवे बसता येत नाही, आणि फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेऊन पिकाच्या ओळींमधून चालणे यापुढे जमणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

माझा जीव अडकला आहे तो ट्रॉलीच्या पाठीमागच्या बाजूत. कापूस फाळक्याच्या बाहेर दोन्हीकडे हातभर फुगलेला होता आणि त्यावरच्या ताडपत्रीची कड मागे लोंबत होती. मागचा दिवा असलाच तर तो त्या कडेखाली झाकलेला होता. आवाज ऐकून शेजारच्या वावरातून धावत आलेल्या मुलाने मोबाइलवर चार फोटो काढले. त्यांतल्या एका फोटोत बॅटरीचा उजेड थेट ट्रॉलीच्या मागे पडला आहे, तरी लाल ठिपका कुठेच दिसत नाही. दोन दिवसांनी मी ती ट्रॉली मालकाच्या अंगणात पाहिली, तेव्हा धुळीने माखलेल्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टरच्या दोन नव्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि तेवढ्याच काय त्या स्वच्छ होत्या.

पोलिसांच्या कागदात मात्र ‘दुचाकी निष्काळजीपणे चालवून उभ्या ट्रॉलीस मागून धडक दिली’ असे लिहून गुन्हा माझ्या भावावरच नोंदवला आहे. जो भेटतो तो एकच वाक्य ऐकवतो, की मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच. भावाच्या लायसन्सची मुदत संपलेली होती आणि डोक्यावर हेल्मेट नव्हते, हेही मी लपवत नाही.

ट्रॅक्टरचा मालक शेजारच्या गावचा आहे. तोही आमच्यासारखाच शेतकरी असून ट्रॅक्टर कर्जाचा आहे. त्या रात्री त्यानेच गाडी आणून भावाला दवाखान्यात पोहोचवले आणि पहिले वीस हजार रुपये त्यानेच भरले. आता गावातली चार माणसे मध्ये पडून म्हणतात की ६० हजार घ्यावे आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावे. आतापर्यंतचा खर्च अडीच लाखांच्या वर गेला आहे. त्यातले दीड लाख सोने गहाण ठेवून आणले. या माणसाचे घर बुडावे अशी आमची इच्छा नाही, पण भावाच्या घरात दोन लहान लेकरे आहेत.

तेव्हा मला हे विचारायचे आहे. गुन्हा भावावर असताना भरपाईचा दावा चालतो का? ट्रॅक्टरचा विमा आहे असे मालक सांगतो, पण ट्रॉलीचा वेगळा विमा नाही आणि कापूस भाड्याने दुसऱ्याचा नेत होते. अशा वेळी विमा कंपनी पैसे देते का? दवाखान्यात एक गृहस्थ भेटले होते, मिळेल त्या रकमेच्या वीस टक्क्यांवर केस लावून देतो म्हणाले. ते योग्य आहे का?

प्रतिसाद

गुरुजी, नमस्कार. मी विदर्भातल्याच एका जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवते. सगळ्यात आधी एक सांगते, स्टॅम्प पेपरवर भावाची सही होऊ देऊ नका. तो कागद पुढे विमा कंपनीच्या वकिलाच्या हातात जातो आणि ‘अर्जदाराने चूक मान्य केली होती’ म्हणून वाचला जातो.

भावावर गुन्हा नोंदला गेल्याने दावा संपत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पोलिसांच्या निष्कर्षाला बांधलेले नसते. फौजदारी खटल्यात दोष संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, इथे मात्र कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे एवढेच तपासले जाते. उभ्या वाहनावर आदळून झालेला अपघात ‘वाहनाच्या वापरातून’ झालेला नसतो, हा आक्षेपही आता उरलेला नाही. शिवाजी दयानू पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे की बंद पडून उभे असलेले वाहनही कायद्याच्या अर्थाने वापरात असू शकते. तुमच्या घटनेशी सर्वांत जवळचा निकाल २०१८ चा अर्चित सैनी प्रकरणातला आहे. तिथे रात्री दिवे न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळली होती आणि उच्च न्यायालयाने निम्मा दोष मोटारचालकावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून पूर्ण दोष टँकरच्या चालकावर ठेवला. प्रत्येक प्रकरणात असेच होईल असे मी म्हणणार नाही, कारण वेग, वळण आणि समोरचा उजेड या सगळ्याचा विचार होतो आणि काही टक्के दोष भावावर येऊ शकतो. तसे झाले तर भरपाई तेवढ्या टक्क्यांनी कमी होते, पण दावा फेटाळला जात नाही.

म्हणून तो फोटो जपा. फोटो काढलेल्या मुलाला सांगा की मोबाइल विकू नये आणि मूळ फाइल पुसू नये, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि तो मुलगा साक्षीदारही होईल. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत काढून ट्रॉली डांबरावर किती आत होती हे त्यात लिहिले आहे का ते पाहा. ट्रॅक्टरच्या चालकाविरुद्ध गुन्हा नोंदवावा, असा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा. रहदारीच्या रस्त्यावर धोकादायक अडथळा उभा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. आणखी एक गोष्ट. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने जखमीला त्याचे हक्क सांगणारा फॉर्म २ दहा दिवसांत द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तुम्हाला हे मिळाले नसेल तर लेखी मागा. मात्र त्या अहवालाची वाट पाहत बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे तुमच्यासाठी जूनचा दुसरा आठवडा. मार्च सरत आला आहे. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो.

लायसन्सची मुदत संपली होती एवढ्यावरून अपघातात त्याची चूक होती असे ठरत नाही, हे २००८ च्या सुधीरकुमार राणा प्रकरणात स्पष्ट झाले आहे. हेल्मेटचा दंड होऊ शकेल, पण मोडले मांडीचे हाड, त्यामुळे भरपाईच्या हिशेबात तो मुद्दा टिकू नये.

रकमेविषयी. समजा न्यायाधिकरणाने भावाचे उत्पन्न महिना १२,००० रुपये धरले. वय ४० च्या आत आणि व्यवसाय स्वतःचा असल्याने पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून १६,८०० होतात. वर्षाचे २,०१,६०० झाले, आणि ३१ ते ३५ वयासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे. कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरले तर ही एकच बाब ९,६७,६८० रुपयांवर जाते. दवाखान्याची बिले, सोबतच्या माणसाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेली वेदना हे सगळे वेगळे. इथे एक बारकावा आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितले आहे. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाऊण इंच आणि पंप पाठीवर घेणाऱ्याचा पाऊण इंच सारखा नसतो. म्हणून भाऊ नेमकी कोणती कामे करत होता हे शेतमालकांच्या साक्षीने दाखवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्या. दोष सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची ठरावीक रक्कम मागण्याचीही सोय आहे, पण दोष दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचे कलम १६६ सोडून तिकडे जायचे का हे कागद वाचल्याशिवाय ठरवू नका.

विमा कंपनी दोन्ही हरकती घेणार हे नक्की: ट्रॉलीचा विमा नाही आणि शेतीऐवजी भाड्याचा वापर. तुमचा भाऊ ट्रॉलीत बसलेला नव्हता, रस्त्यावरचा त्रयस्थ होता, ही तुमची जमेची बाजू आहे. ट्रॉली त्या वेळी ट्रॅक्टरला जोडलेली होती हे पंचनाम्यातून दाखवता आले पाहिजे. पॉलिसीच्या अटींचा भंग ठरला तरी ‘कंपनीने आधी द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे’ असा आदेश अनेकदा होतो, मात्र त्या वसुलीचा बोजा मालकावर येतो, हे तुम्ही त्याच्याविषयी लिहिले आहे म्हणून मुद्दाम सांगते.

टक्केवारीवर फी ठरवणे वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. त्या गृहस्थांना नमस्कार करा आणि तालुका विधी सेवा समितीत जा. अपंग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येईल.

प्रतिसाद

मी स्वतः ट्रॅक्टर चालवतो, वाशीमकडचा आहे. चाक बसले की आम्ही मागे दगड लावतो आणि एक हिरवी फांदी टाकतो, पण रात्री ती फांदी कोणाला दिसत नाही हे कोणी बोलत नाही. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी पट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत. कापूस भरल्यावर ताडपत्री मात्र पट्टीवर येणार नाही अशी बांधावी लागते, नाहीतर पट्टी असून नसल्यासारखी. गुरुजींनी मालकाशी थेट बोलावे असे मला वाटते. विम्याचा कागद त्याने स्वतः आणून दिला, तर कंपनीने भरण्याची शक्यता वाढते आणि त्यात त्याचाही फायदा आहे.

मूळ लेखक

वकीलताई, दादा, आपले दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी मालकाच्या घरी गेलो. दावा लावणार आहोत, तुमचे नाव त्यात घालावेच लागेल, पण पैसे विमा कंपनीकडून मागतो आहोत, हे मी त्याला समोर बसून सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आतून प्लास्टिकच्या पिशवीतली पॉलिसी आणून दिली आणि नव्या पट्ट्या अपघातानंतर लावल्या हे नाकारणार नाही असे म्हणाला. साठ हजारांचा विषय आम्ही तिथेच सोडला.

पॉलिसी अपघाताच्या तारखेला चालू होती. तिच्यात वापराच्या रकान्यात केवळ शेतीकामासाठी असे छापले आहे आणि ट्रॉलीचा उल्लेख नाही. मंगळवारी भावाला घेऊन विधी सेवा समितीत जातो आहे. भाड्याने कापूस नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आधी कंपनीने भरण्याचा आदेश आपल्या भागात कोणाला मिळाला असेल, तर निकालाचे वर्ष आणि न्यायालय कृपया कळवावे, म्हणजे त्या दिवशी तो सोबत नेता येईल.