मदत हवी आहे: रजिस्टर्ड व्हॅल्युअरसाठी अनुभवाचा पुरावा

नमस्कार मंडळी. मला 'लँड अँड बिल्डिंग' या वर्गात रजिस्टर्ड व्हॅल्युअर (मालमत्तेचं मूल्यांकन करणारा) म्हणून आयबीबीआयकडे (इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्ड ऑफ इंडिया) नोंदणी करायची आहे. बीई सिव्हिल, २०१८. ५० तासांचा कोर्स झाला, परीक्षाही पास झालो (६० टक्के लागतात, चुकलेल्या उत्तराला पाव भाग कापतात, त्यामुळे घाम फुटला होता). गाडी अडलीय ती अनुभवावर.

पदवीनंतरची ५ वर्षं दाखवायची आहेत. पहिली ३ एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर, त्याचं पत्र, पगारपत्रकं, सगळं आहे. पुढची अडीच वर्षं बँकांच्या पॅनेलवरच्या एका व्हॅल्युअरकडे. फ्लॅट मोजणं, इंडेक्स टू आणि सातबारा तपासणं, आजूबाजूचे दर काढणं, रिपोर्टचा मसुदा, सगळं मीच करायचो. सही अर्थातच साहेबांची. नेमणूकपत्र नाही, पगार रोख. साहेब लेटरहेडवर दाखला द्यायला तयार आहेत, पण बँक स्टेटमेंट किंवा फॉर्म १६ यांतलं काहीच माझ्याकडे नाही. डिप्लोमानंतरचं १ वर्षही आहे, पण ते पदवीआधीचं म्हणून धरत नाहीत, हे माहीत आहे.

ज्या संस्थेतून कोर्स केला तिथे दोनदा फोन केला. एकदा 'चालेल', एकदा 'बघावं लागेल'. सध्या नोकरी नाही, त्यामुळे नोकरीत असताना नोंदणी होईल का, हा मुद्दा नाही. मास्टर्स करा असं कृपया सुचवू नका, घरचं गणित बसत नाही.

गेल्या एक-दोन वर्षांत नोंदणी झालेल्यांना विचारतो: नुसत्या लेटरहेडवरच्या दाखल्यावर तुमचा अर्ज पुढे गेला का? नसेल, तर सोबत नेमकं काय जोडलंत: प्रतिज्ञापत्र, साहेबांचं नोंदणी प्रमाणपत्र, की आणखी काही?