काम गेलंय, खात्यात ३,१४० रुपये. उद्यापासून काय करू?

व्हीएमसीवाला

नमस्कार मंडळी. इथं आजवर नुसतं वाचत आलो, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

वय ३४, मूळ लातूरकडचा, राहायला भोसरीत. चाकणच्या बाजूला एका व्हेंडरकडे तीन वर्षं व्हीएमसी, म्हणजे धातूचे भाग कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन, चालवली, ठेकेदाराच्या नावावर. ऑर्डर कमी झाली म्हणून जुलैच्या शेवटी आम्हा अकरा जणांना "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं. तेही गेटवर, सेकंड शिफ्ट करून पंच मारताना. डबा हातात होता, त्यात उरलेली अर्धी भाकरी. ती भाकरी खाली रस्त्यावर उभं राहून खाल्ली, कारण घरी जायला पाय उचलत नव्हते.

घरात मी, बायको आणि सात वर्षांची पोरगी. खोलीभाडं ६,५००. दहा तारखेला द्यायचं असतं, मालकाला म्हणालो वीसला देतो. तो "बघा बुवा" म्हणाला, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. जुलैचा पगार ठेकेदाराकडे अडकलाय. तो म्हणतो, आधी "स्वखुशीने राजीनामा" या कागदावर सही कर, मग हिशेब. कागद घरी आणलाय, टीव्हीवर ठेवलाय. रोज बघतो आणि परत ठेवतो.

आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतं माझी फर्स्ट शिफ्ट चालू आहे, म्हणून चारनंतरच फोन करते.

डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर दोन दिवस उभा राहिलो. पहिल्या दिवशी राडारोडा वाहायचं काम मिळालं, ७०० रुपये. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत उभा, कुणी विचारलंसुद्धा नाही. ठेकेदार लोक आधी हात बघतात. माझे हात मशीनचे, घमेल्याचे नाहीत, हे त्यांना लांबूनच कळतं. डिलिव्हरीचं करता आलं असतं, पण गाडी मागच्या वर्षीच विकली.

नोकरीसाठी फिरणं चालूच आहे, ते नका सांगू. मला संध्याकाळी हातात पैसे येतील असं काहीतरी सांगा. "घरबसल्या महिना ५० हजार" वालं नको.

---

रिकामटेकडा

गावी जा आणि शेती करा. शहरात गर्दी कशाला?

---

व्हीएमसीवाला

सव्वा एकर आहे साहेब, कोरडवाहू, आणि तीन भावांत. सोयाबीन उभं आहे. तिथं जाऊन मी काय, सोयाबीनकडं बघत बसू?

---

जुनी पेरोलवाली

दादा, त्या कागदावर सही करू नका. अकरा वर्षं अशाच एका ठेकेदाराच्या ऑफिसात पगारपत्रकं बनवली आहेत, तो कागद मीच टाईप करून दिलाय कितीतरी जणांना. आता लाज वाटते, पण ते असो. कामावरून काढलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो, राजीनाम्याशी त्याचा काही संबंध नाही. ठेकेदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, तोंडी नको. "अमुक तारखेला मला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं, माझा जुलैचा पगार बाकी आहे," एवढंच. शिवीगाळ नको, भावनिक काही नको. दिला नाही तर तोच मेसेज छापून कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात अर्जाला जोडा. अर्जाची पोच घ्या आणि तिचा फोटो ठेकेदाराला पाठवा. बहुतेक वेळा काम फोटोवरच होतं.

पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापत होते का? ग्रॉस, म्हणजे कापाकापीच्या आधीचा पगार, २१,००० च्या आत असेल तर कापतच असणार. मग अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना तुमच्यासाठीच आहे. २०१८ पासून आहे, पण लाइनवरच्या पोरांना कुणी सांगत नाही. काम सुटल्यावर सरासरी रोजाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. दोन वर्षं विम्याखाली असावं लागतं आणि काम सुटायच्या आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. तुमचा ग्रॉस वीस हजार धरला तर सगळे मिळून तीस हजारांच्या आसपास होतात. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर मिळत नाही. म्हणून म्हणते, स्वखुशी-बिशी काही लिहून देऊ नका. अर्ज बेकारीला ३० दिवस झाल्यावर करायचा, म्हणजे हे पैसे उद्याचे नाहीत. पण ईएसआयसीच्या दवाखान्याचं कार्ड फेकू नका, काम सुटलं तरी भरलेल्या वर्गणीवर ते आणखी काही महिने चालतं. पोरगी लहान आहे म्हणून सांगते.

पीएफ ७५ टक्क्यांपर्यंत काढता येतो. पीएफच्या पोर्टलवर आधी "नोकरी सोडल्याची तारीख" दिसते का बघा. ठेकेदार मुद्दाम टाकत नाहीत. नाहीच टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुमची तुम्हाला टाकता येते. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आहे, त्यामुळे रक्कम ५० हजारांवर गेली तर कर कापतात. उत्पन्न करपात्र नाही असा फॉर्म सोबत जोडा.

आणि रेशन. कार्ड लातूरचं असेल तरी भोसरीतल्या दुकानात अंगठा लावून तुमच्या वाट्याचं धान्य मिळतं, आधार जोडलेलं असलं की झालं. कार्ड अन्नसुरक्षेतलं, प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी पाच किलो, फुकट. आईचं तिकडं आईला मिळेल, तुमचं इकडं तुम्हाला.

---

कोथिंबीरवाला

भाऊ, ताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण ते पैसे महिन्याभरानं येतील. तुला संध्याकाळचे पाहिजेत. २०२० मध्ये माझं हॉटेलातलं काम गेलं तेव्हा मी हेच केलं, म्हणून सांगतो.

तुला मोशीचा उपबाजार जवळ आहे. पहाटे चारला जा. पालेभाजी शेकड्यावर मिळते, शेकडा म्हणजे शंभर जुड्या. सगळा शेकडा तुला परवडणार नाही, तर तिथंच कुणी दुसरा छोटा विकणारा गाठ आणि अर्धा-अर्धा करा. फक्त मेथी आणि कोथिंबीर घे. पालक घेऊ नको, दहा वाजेपर्यंत मान टाकतो. जुडी उचलून देठाकडून बघ, देठ काळपट असेल तर ती कालची. वरून पाणी मारून हिरवीगार दाखवतात.

पोतं ओलं करून वर झाक, पण जुड्यांवर पाणी ओतू नको, आत सडतात. बसायचं कुठं? चौकात नको, अतिक्रमणवाल्यांची गाडी येते आणि वजनकाट्यासकट नेते. सोसायट्यांच्या गल्लीत दारोदार फिर, सात ते साडेनऊ. बायका आवाजावर येतात. मला पहिले तीन दिवस आवाजच निघेना. "मेथीऽऽ" म्हणायचं आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायचं. चौथ्या दिवशी एका आजींनी वरून ओरडून विचारलं, "अरे विकतोस का नुसता फिरतोस?" तिथून सुटलो.

साडेनऊनंतर भाव अर्धा कर. अकराला उरलेलं खानावळवाल्याला देऊन टाक, मिळेल त्या पैशात. घरी आणू नको. घरी आणलेली मेथी म्हणजे तोटा आणि वर मेथीचीच भाजी.

दिवसाचे ३००-५०० सुटतात. पावसाच्या दिवशी कधी शंभर. पण रोख.

---

पोळलेला

एकच सांगतो. फोनवर "५ मिनिटांत लोन" वाल्या अ‍ॅपकडं फिरकू नका. मी ८ हजार मागितले, हातात आले ५,२००, सातव्या दिवशी ८ हजार मागू लागले. नाही दिले तर माझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर माझा फोटो "चोर" लिहून पाठवला. सासऱ्यांना, पोरीच्या बाईंना, दूधवाल्याला. दूधवाला तेवढा म्हणाला, "जाऊ द्या, उद्याचं दूध टाकतो." १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा कुठं थांबलं. वाटलं तर बायकोची एखादी वस्तू पतसंस्थेत गहाण ठेवा, पण हे नको.

---

व्हीएमसीवाला (१६ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. वेळ मिळाला नाही, कारण झोपच मिळत नव्हती.

कोथिंबीरवाल्या भाऊ, पहिल्या दिवशी ५० जुड्या मेथी घेतल्या, १८ रुपयांनं पडल्या. श्रावण, त्यात पाऊस, भाव चढेच होते. २५ नं विकल्या, शेवटच्या नऊ १० नं दिल्या. सुटले २१५, त्यातून रिक्षावाल्यानं ६० घेतले. दुसऱ्या दिवसापासून रिक्षा बंद, शेजाऱ्याची सायकल. आवाज माझाही निघत नव्हता. पोरीला शाळेला सुट्टी होती, ती मागं बसून ओरडायची. तिला मजा, मला रडू.

मग बायकोनं डोकं लावलं. हरतालिकेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मोशीच्या पुढं नदीकडं गेलो. आघाडा, दुर्वा, बेल, रुईची पानं, जे दिसेल ते. भांडवल शून्य. रात्री बसून पत्रीचे वाटे केले, दुर्वांच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या. बोटं हिरवी झाली, माझी मशीनची बोटं! २० रुपये वाटा. दोन दिवसांत १,९४० झाले. गौरींच्या दिवशी तेरड्याचे आणखी साडेपाचशे. मालकाला निम्मं भाडं दिलं, निम्मं महिनाअखेर म्हणालोय. या वेळी "बघा बुवा" म्हणाला नाही.

पेरोलवाल्या ताई, मेसेज पाठवला. तीन दिवस निळी टिक, उत्तर नाही. अर्जाच्या पोचेचा फोटो पाठवला त्या दिवशी संध्याकाळी पगार जमा, ४०० कमी. त्या ४०० साठी भांडावं का नको ते ठरवतोय. ईएसआयसीचा अर्ज या सोमवारी करणार, ३० दिवस झाले. सही केलेली नाही. कागद अजून टीव्हीवरच आहे, पोरीनं मागच्या बाजूला गणपती काढलाय.

आईला मात्र सांगून टाकलं. म्हणाली, मला माहीत होतं, फर्स्ट शिफ्टवाला माणूस सकाळी अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतो का?

आता एकच. मोशीहून पहाटे भोसरीकडं येणारा कुणाचा टेम्पो असेल तर सांगा. माझी दोन पोती असतात, भाड्याचं वाटून घेऊ. सायकलला आता मागचं टायर नाही.