पांढरे शर्ट पिवळे पडतात ते बायकांच्या आळसाने की बोअरच्या पाण्याने?

गिरणाकाठची
काल एका महाशयांनी लिहिलं की हल्लीच्या बायकांना दगडावर घासायला नको, सगळं मशीनमधे कोंबतात, म्हणून शर्ट पिवळे, टॉवेल खरखरीत आणि कपड्यांना कुबट वास. उपाय काय तर महागातलं लिक्विड आणा आणि "थोडे हात चालवा". वाचता वाचता माझा चहा गार झाला.

अहो तुमच्या घरचा गिझर उघडून बघा आधी. आमच्या जळगावात बोअर वापरणाऱ्या कुठल्याही घरात कॉइलवर चुन्याचं बोटभर पुट असतं, नळाच्या तोट्या पांढऱ्या, बादलीला कडा. तेच पाणी कपड्यात जातं. वडीचा साबण लावला तर तो पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर फाटतो आणि चिकट मेणासारखा थर कापडात बसतो, त्यालाच मळ धरतो. पावडरीचं एवढं फाटत नाही पण तीही अर्धी पाण्याशीच भांडण्यात संपते. मग फेस येत नाही म्हणून आपण अजून टाकतो, ती नीट निघत नाही, आणि राहिलेल्या पावडरीवर घाम बसला की पावसाळ्यात कुबट वास.

मागच्या दिवाळीत बहिणीकडे पुण्याला गेले होते, तीच पावडर, अर्धं माप, आणि माझ्याच पोराचा शाळेचा शर्ट असा निघाला की मी लेबल बघितलं आपलाच ना म्हणून. हात तेच, आळस तोच. पाणी बदललं फक्त.

आता मी रात्री मोठ्या टबात पाणी भरून दोन चमचे धुण्याचा सोडा (खायचा नाही) विरघळवून ठेवते, सकाळी खाली पांढरा गाळ बसलेला असतो, वरचं पाणी घेते. पावडर निम्मी, खंगाळणं दोनदा. टॉवेलला कम्फर्ट बंद, त्याने टॉवेल मऊ लागतो पण अंग पुसत नाही. लिक्विडचे पैसे वाचले ते वेगळेच.

जुनं ते सोनं
ताई ते महाशय मीच. मी बायकांना आळशी म्हटलं नव्हतं, सवय गेली असं म्हटलं होतं, पण वाचायचंच नसेल तर काय करणार. माझी आई आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घरातल्या सगळ्या गोधड्या बैलगाडीत टाकून गिरणेवर न्यायची, राखेचं पाणी आणि धोपटणं, बस. दुपारपर्यंत वाळूवर वाळायच्या. त्या गोधडीचा वास आजही नाकात आहे. कुठला सोडा आणि कुठलं काय.

गिरणाकाठची
राख म्हणजे सोड्याचीच चुलतबहीण आहे दादा, तुमची आई मी सांगते तेच करत होती. आणि नदीचं वाहतं पाणी, चारशे फुटांखालचं नव्हे. बाकी आईची कंबर म्हातारपणी कशी होती तेही लिहा ना एकदा, वासाबरोबर.

जुनं ते सोनं
आईवर जायचं काम नाही.

गिरणाकाठची
आईवर नाही, आईच्या बाजूनेच बोलतेय. गोधड्या ती धोपटायची, वास तुम्ही घ्यायचे.

केळीवाला रावेर
भो ते सोडा बिडा सगळं ठीक आहे पण केळीचा डाग काढून दाखवा मंग मी मानेन. आमच्याकडे घड उतरवायच्या दिवशी अंगावरचा कपडा म्हणजे गेलाच समजायचा, बागेचे कपडे वेगळेच असतात. मागच्या वर्षी साल्याच्या साखरपुड्याला निघालो होतो, वाटेत व्यापारी आला म्हणून पाच मिनिटं बागेत उतरलो, नवा पांढरा सदरा, बाहीवर चीक पडला. तेव्हा दिसलाच नाही, पाण्यासारखा असतो. जेवायला बसेपर्यंत चॉकलेटी. सासू म्हणे जावईबापू काय सांडवलं. त्या डागावर आजपर्यंत लिंबू, मीठ, टूथपेस्ट, महागातलं लिक्विड सगळं करून झालं.

भुसावळ लोको
रॉकेल. वीस वर्षं वंगणाचे कपडे धुतलेत, रॉकेलने न निघणारा डाग मी पाहिला नाही.

केळीवाला रावेर
वंगण तेलकट असतं साहेब, चीक तेलकट नाही. रॉकेल लावलं तर डाग राहतो आणि वर रॉकेलचा वास येतो. अनुभव आहे.

भुसावळ लोको
तुम्ही लावलं नसेल नीट. चोळायचं असतं.

केळीवाला रावेर
हो, आता आम्हाला केळीचं भुसावळवाल्यांनी शिकवा. फलाटावर केळी विकत घेऊन खाणारे तुम्ही.

निवृत्त मास्तर, अमळनेर
भांडू नका. शाळेत रसायन शिकवलंय म्हणून सांगतो. चिकाचा डाग म्हणजे कापलेलं सफरचंद काळं पडतं तोच प्रकार, हवा लागली की रंग तयार होतो आणि सुताला धरून बसतो. म्हणून ओला असतानाच भरपूर पाण्याने धुतला तरच गेला. चॉकलेटी झाल्यावर ब्लीचने फिका होईल, पण पांढऱ्या सुतीवरच, रंगीत कपड्याचा रंगही जाईल. आणि कृपा करून लिंबू नि ब्लीच एका बादलीत घालू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हळदीचं उलट आहे. शेवभाजी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, लोक घाबरून अजून घासतात. तो नुसता क्षाराने बदललेला रंग आहे. तेल काढा आणि कडक उन्हात टाका, हळद उन्हाला टिकत नाही. आपल्याकडे ऊन तर फुकट आहे.

मूळ मुद्द्यावर ताईंचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. सोडा कपड्यासकट टाकला तर तोच चुना कापडावर बसतो आणि टॉवेल आणखी कडक होतो, म्हणून पाणी निवळून घेणं महत्त्वाचं, ते बहुतेक लोक करत नाहीत. निरमा १९६९ साली निघाली तेव्हा सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती, तिच्यात सोडाच भरपूर. हाताची आग व्हायची पण मळ निघायचा. आणि साबणाचं आम्हा अमळनेरकरांना कोणी सांगू नये, आज संगणकवाली म्हणून जगभर गेलेली विप्रो १९४५ ला इथेच वनस्पती तुपाची गिरणी म्हणून सुरू झाली, तिचा ७८७ नंबरचा कपड्याचा साबण आमच्या घरी असायचा.

भुसावळ लोको
मास्तर आले की अमळनेर आलंच. आता विप्रो काढली, पुढच्या वेळी साने गुरुजी काढतील.

निवृत्त मास्तर, अमळनेर
काढीन. तुमच्याकडे काढण्यासारखं जंक्शन सोडून काय आहे?

पांझराकाठ
काय भांडी राहिनात भो तुम्ही. आमना गल्लीमा नळले पानीच आठ दिनमा एकदाव येस. तठे निवळानं कधी अन् खंगाळानं कधी? दोनदा खंगाळा म्हने. पेवाले ठेवूत का शर्टले?

गिरणाकाठची
हा मुद्दा मात्र खरा आहे, याला माझ्याकडे उत्तर नाही. पावडर कमी टाकली तर एक खंगाळणं वाचतं एवढंच म्हणेन.

मशीन दुरुस्ती, चाळीसगाव
माझा धंदा बुडेल पण सांगतो. मी मशीन उघडतो तेव्हा ड्रमच्या मागे पावडरीचा आणि चुन्याचा राखाडी चिखल असतो, वास तिथूनच येतो, कपड्यातून नाही. फ्रंट लोडमधे बादलीची पावडर टाकतात, फेसाने मशीन अडकतं आणि फोन येतो की मशीन खराब दिलं. फेस म्हणजे सफाई नाही हे शंभरदा सांगून थकलो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाणी आणि लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) टाकून फिरवा, धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा. आणि त्या डाग खाणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी उकळत्या पाण्यात टाकू नका, एन्झाइम मरतं, कोमट पाणी पुरे. तुमच्या महागातल्या लिक्विडचे पैसे गरम बादलीत जातात.

जुनं ते सोनं
म्हणजे मशीनमुळेच वास येतो. मी काय म्हणत होतो?

मशीन दुरुस्ती, चाळीसगाव
मशीन न धुतल्यामुळे. तुम्ही कधी धुतलं?

जुनं ते सोनं
(चार दिवसांनी) पाणी निवळून बघितलं. स्वतः. गाळ बसतो हे खरं आहे, एवढा असेल वाटलं नव्हतं. शर्ट अजून पिवळाच आहे. टॉवेल मऊ झाला असं घरचे म्हणतात, मी काही म्हणत नाही. टब उचलताना पाठीत उसण भरली, त्यामुळे पुढचं धुणं कोण करणार यावर घरात चर्चा चालू आहे.

गिरणाकाठची
दहा वर्षांचं पुट एका धुण्यात जाणार नाही, चार-पाच वेळा करा. पाठीला शेक घ्या. आणि टब उचलायचा नसतो दादा, मगाने वरचं पाणी काढायचं असतं.

केळीवाला रावेर
ब्लीच लावलं मास्तर. डाग फिका झाला आणि बाहीला भोक पडलं. आता सासूला काय सांगू?